सतरा दारांचा पाट

एका गावात एक पाटकरी राहत होता, आणि गाव आपल्यामुळेच राहतं असं त्याचं ठाम मत होतं.

मत अगदीच चुकीचं नव्हतं. नदीवर बंधारा होता, बंधाऱ्यातून पाट निघे आणि पाटाला सतरा दारं होती. कोणतं दार कधी आणि किती उघडायचं हे पाटकरी बघे. माळ उंचावर होता. तिथे पाणी चढवायचं तर सतराही दारं ठरलेल्या क्रमाने लावत यावी लागत. क्रम चुकला की काठ फुटलाच.

गावाची एक जुनी रीत होती. रोज सकाळी पाळीपाळीने एका घरातल्या माणसाने पाटकऱ्याबरोबर पाटावर फिरायचं, दारं उघडायची आणि लावायची. फार मागे एक पाटकरी कुणाला काही न शिकवता अचानक वारला होता आणि त्या साली पिकंही त्याच्या मागोमाग गेली होती. तेव्हापासून ही रीत. ती कुणालाच आवडत नसे. पाळी आली की धट्टीकट्टी माणसं कण्हू लागत. पाटकऱ्याला तर ती मुळीच पसंत नव्हती.

"आज कोण? कुंभारीण?" तो बायकोजवळ कपाळाला हात लावी. "दार राहतं बाजूला. पहिल्या दारापासून सतराव्यापर्यंत तिच्या जावेचीच कथा चालते."

"अहो, पण दार नीट लावते ना?"

"लावते," पाटकरी नाइलाजाने म्हणे. "तेच तर."

एका उन्हाळ्यात शेजारच्या राज्याचं सैन्य चालून आलं. आपला राजा नेमका त्याच आठवड्यात तीर्थयात्रेला निघाला. राजेलोकांना असे मुहूर्त बरोबर सापडतात. गाव पारावर जमलं. तरुणांनी लढायचं ठरवलं.

"कुऱ्हाडी किती आहेत?" म्हाताऱ्या पाटलाने विचारलं.

"अकरा."

"धार असलेल्या?"

"चार." मग जरा थांबून, "एकीचा दांडा ढिला आहे."

पाटील म्हणाला, "मग ऐका. हात उगारायचा नाही आणि हात लावायचाही नाही. तहानलेला शिपाई दारात आला तर तांब्याभर पाणी द्या, तोही कुणाचा तरी लेकच आहे. पण सैन्याचं काम म्हणून काडी उचलायची नाही."

सेनापती आला. माळावर तळ पडला, धान्याचे तंबू माळाच्या पायथ्याशी झाडांच्या सावलीत लागले. बरोबर तीनशे घोडे होते. पाट माळावर वळवायचा, दोन महिन्यांत हिरवा चारा उगवायचा, घोडे ताजेतवाने करायचे आणि पुढचं शहर घ्यायचं, असा त्याचा बेत होता. सेनापती हुशार होता. त्याने पाटलाला नाही, पाटकऱ्याला बोलावलं.

"तुझ्याशिवाय या गावाला घोटभर पाणी मिळत नाही म्हणतात," सेनापती म्हणाला. "आणि हे लोक तुला साधा पाटकरी म्हणून वागवतात? पाणी माळावर घे. उद्यापासून तू पाटील."

पाटकऱ्याचा ऊर भरून आला. वीस वर्षांत त्याची योग्यता ओळखणारा हा पहिलाच माणूस, आणि तो निघाला शत्रू! पाटीलकीचं पागोटं आपल्याला कसं दिसेल, हेही क्षणभर त्याच्या मनात येऊन गेलं. मग त्याच्या डोळ्यांपुढे पाट उभा राहिला. सतराही दारं बंद, आणि खाली गावाचा कांदा वाळून कोळसा झालेला.

"नाही जमायचं, सरकार."

"जमेल," सेनापती शांतपणे म्हणाला. "तू कोठडीत बस. गावाचा घसा कोरडा पडला की गावच तुझे पाय धरेल."

कोठडी म्हणजे गावाचंच धान्यकोठार. धान्य सैन्याने आधीच खाल्लं होतं, त्यामुळे जागा ऐसपैस होती. खिडकीतून पाट दिसे. पहिल्या दिवशी पाट कोरडा राहिला. पाटकऱ्याला वाईट वाटलं, आणि खोटं कशाला बोला, थोडं बरंही वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाटाला पाणी आलं. अगदी वेळेवर. मागोमाग ओळखीचा आवाज आला, "...मग मी जावेला म्हटलं, बाई गं, तुझं तू बघ..."

पाटकरी गजांना धरून बघत राहिला. कुंभारणीने दार चार बोटं उघडलं, पाणी शेतात गेलं, दार लागलं. एक थेंब वाया गेला नाही. त्याला फार अपमान वाटला.

सेनापतीने कुंभारणीला पकडलं. तिसऱ्या दिवशी शिंप्याने पाणी सोडलं. शिंपी आत आला तेव्हा पंतोजी पाटावर उतरले. मग लोहाराची महिन्यापूर्वीच लग्न होऊन आलेली सून आली. तिची एकच फेरी झाली होती, म्हणून ती प्रत्येक दारापाशी बोटं मोजत थांबली, पण चुकली नाही. नवव्या दिवशी कोठडीत पाय पसरायला जागा उरली नाही आणि जावेची कथा पहिल्यापासून सुरू झाली.

"एवढे मिळून माझ्यासाठी एक दार लावत नाहीत?" सेनापती ओरडला. पाटकऱ्याला खांबाला बांधून वीस फटके मारले आणि दारांचा क्रम विचारला. पाटकऱ्याने दात आवळले. क्रम काही बाहेर पडला नाही.

शेवटी सेनापतीने आपल्याच शिपायांना पाटावर पाठवलं. शिपाई लढाईत शूर होते. त्यांनी सतराव्या दारापासून सुरुवात केली. दुपारी पाटाचा काठ फुटला आणि पाणी धान्याच्या तंबूंत शिरलं.

"पाट बांधा!" हुकूम सुटला. फावडी गावापुढे टाकली. माणसं बसून राहिली. फटके बसले, दोन घरं पाडली, तरी बसूनच राहिली. पाट गावाचाही होता. बायका नदीवरून हंडे वाहू लागल्या. अकरा दिवसांत कांदा वाळला. वाळताना बघून त्यांनी डोळ्याला पदर लावला, पण फावड्याला हात लावला नाही. तांब्याभर पाणी मागायला येणारे शिपाई मात्र रोज वाढत होते, आणि जाताना त्यांची मान खाली असे.

काठ फुटल्यापासून बाराव्या दिवशी सेनापतीने पाटकऱ्याला बाहेर काढलं. घोड्यांच्या बरगड्या मोजता येत होत्या.

"खरं सांग. ही दारं उघडणं गावात किती जणांना येतं?"

इतकं कडू उत्तर पाटकऱ्याने आयुष्यात कुणाला दिलं नव्हतं. फटकेही त्याला इतके जड गेले नव्हते.

"सगळ्यांना, सरकार."

"मग तू कशाला आहेस?"

"कोठडीत बसून मीही तोच विचार करत होतो."

किल्लेदार पकडला की किल्ला पडतो हे सेनापतीला ठाऊक होतं. इथे पकडायचं कुणाला? दुसऱ्या दिवशी तळ उठला. उपाशी घोड्यांनी पुढचं शहर घेता येत नाही, म्हणून सैन्य आल्या वाटेने परत गेलं.

त्याच दुपारी अख्खं गाव पाटावर उतरलं. सहा दिवसांत काठ बांधून झाला. त्या वर्षी गावाने कांद्याशिवाय भाकरी खाल्ली, आणि पाटकऱ्याला पुढे कधी ताठ बसता आलं नाही.

पाट वाहू लागला त्या सकाळी तो काठी टेकत तेल्याच्या दारात उभा राहिला. तेली लगेच कण्हू लागला.

"आता कशाला, पाटकरी? शत्रू तर गेला."

"गेला म्हणूनच वेळ आहे," पाटकरी म्हणाला. "ऊठ. आणि थोरल्या सुनेलाही घे. तिची फेरी राहिली आहे."

तात्पर्य: जे एकालाच येतं, ते त्या एकाला पकडून घेता येतं; जे साऱ्या गावाला येतं, त्याला कोठडी पुरत नाही. म्हणून आपली पाळी आली की कण्हू नये.