सोपानची सावली

एका गावात एक भोळा सोपान होता. तिशी उलटली होती, मिशी फुटली होती, पण सांगितलेल्या शब्दापलीकडे त्याचं डोकं एक पाऊल टाकत नसे. त्याची थोरली बहीण शेवंताआक्का बाजारपेठेत फोटोचं दुकान चालवायची. फुकटात मिळणारं, फोटो सजवायचं एक सॉफ्टवेअर तिनं कॉम्प्युटरवर उतरवून घेतलं आणि सोपानला माऊसपाशी बसवलं. दुकानात हाक मारली तरी आक्का दचकायची. सोपान आल्यापासून तर हाक न मारताही दचकू लागली.

पहिलं काम सरपंचांच्या फ्लेक्सचं. सोपाननं सरपंचांना कापून काढलं आणि बागेच्या चित्रावर चिकटवलं. फ्लेक्स लागला. लोक हसू लागले. सरपंच हिरवळीच्या वीतभर वर तरंगत होते.

"सोपान, पायाखाली सावली कुठंय?" आक्का म्हणाली. "सॉफ्टवेअरमध्ये सावलीचं बटण आहे ना? अरे, जिवंत माणसाला सावली असते. मेलेल्याला नसते. बसलं डोक्यात?"

"बसलं, आक्का."

दुसऱ्या दिवशी रफिक गवंडी आला. त्याला दुबईला जायचं होतं, पासपोर्टचा फोटो हवा होता. सोपाननं त्याला हात लावून पाहिलं. अंग गरम लागलं. म्हणजे जिवंत. मग त्यानं बटण दाबलं आणि रफिकच्या मागं काळीकुट्ट सावली उभी केली. आठवड्यानं रफिक फोटो घेऊन परत आला.

"आक्का, साहेब विचारतोय, मागं कोण उभंय?"

आक्कानं कपाळाला हात लावला. "सोपान, असल्या फोटोत मागं पांढरं लागतं. पांढऱ्यावर काळं दिसलं की पुसून टाकायचं. बसलं?"

"बसलं, आक्का."

मग विठाबाई आली. तिला म्हैस विकायची होती. चुना दिलेल्या भिंतीपुढं बांधलेल्या म्हशीचा फोटो तिनं मोबाईलवर आणला होता. सोपाननं पाहिलं. पांढऱ्यावर काळं. बरंच काळं. बिचारा दुपारपर्यंत पुसत होता. संध्याकाळी विठाबाईनं कागद हातात घेतला. भिंत होती, खुंटी होती, दावं हवेत ताणलेलं होतं. खाली ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'दूध दोन्ही वेळचं, स्वभाव गरीब.'

"मुडद्या, दावं विकायला काढलंय का मी?" विठाबाई ओरडली. आक्काच्या हातातला चहा सांडला.

"सोपान," ती रडवेली होऊन म्हणाली, "आता मनानं काही घालायचं नाही. मनानं काही काढायचं नाही. फोटोत काय आहे ते नीट बघायचं, आणि जे दिसेल त्याला शोभेल असं करायचं. बसलं?"

"बसलं, आक्का."

आक्काला रडू यायला कारण होतं. सोपानला कधी नव्हे ते एक स्थळ आलं होतं. खराड्यांची मंजुळा. मुलगी शहाणी, घर चांगलं, आणि शब्द चालायचा तो तिच्या आजोबांचा, आबांचा. आबांनी निरोप धाडला होता, 'पोरगा हुशार आहे म्हणतात. माझ्या पंचाहत्तरीचा फ्लेक्स करून दाखवू दे, मग बैठक.' मंजुळाच्या आईनं आक्काकडं एक पाकीट दिलं. त्यात दोन फोटो होते. आबा आंब्याखाली बाजेवर बसलेले. मंजुळा ओसरीत उभी.

आक्काला नेमकं नणंदेच्या डोहाळजेवणाला जायचं होतं. एसटी लागली होती.

"हे आबा, यांचा मोठा फ्लेक्स चौकात लावायचा. मजकूर कॉम्प्युटरात तयार आहेत, शोभेल तो घाल. आणि ही मंजुळा. हिला नीट बघून ठेव. तुझ्या संसाराचा प्रश्न आहे, सोपान!"

"नीट बघतो, आक्का."

दुसऱ्या दिवशी सकाळी आठच्या गाडीनं आक्का परतली. चौकात गर्दी होती. भजनी मंडळ टाळ घेऊन बसलं होतं. बाया डोळे पुसत होत्या. तिनं वर पाहिलं. आबांच्या फोटोला लोकांनी हार घातला होता. खाली लिहिलं होतं, 'भावपूर्ण श्रद्धांजली.'

ती धावत दुकानात आली. सोपान डोकं भादरून बसला होता.

"काय केलंस रे हे?"

"मी काहीच केलं नाही. घातलं नाही, काढलं नाही. नीट बघितलं, आक्का. आबांना सावली नव्हती."

"अरे, ते सावलीत बसले होते!"

तेवढ्यात रात्री मळ्यात मुक्कामाला असलेले आबा, घरी न जाता, चौकातून काठी आपटत स्वतःच दारात आले. सोपाननं त्यांच्या पायांकडं पाहिलं. दुकानावर पत्र्याची पडवी होती, तिथं ऊन येत नव्हतं. तो किंचाळून टेबलाखाली शिरला. "आक्का, पळ! अजूनही नाही!"

आबांनी काठीनंच त्याला बाहेर ओढलं आणि भर उन्हात उभं केलं. "ही बघ! ही माझी सावली, ही काठीची. पटलं?"

सोपाननं वाकून सावली चाचपून पाहिली. "पटलं, आबा."

आबा खाकरले. मग मिशीतल्या मिशीत हसले. "खरं सांगू का शेवंता, शेजारचा भानुदास चौकात माझ्यासाठी रडताना पाहिला. वीस वर्षं बोलत नव्हता. जिवंतपणी हे बघायला कुणाला मिळतं? जाऊ दे. पोरगं भोळं आहे, खोटं नाही. बैठक ठरली समज."

आक्काचा जीव भांड्यात पडला. तिनं सोपानच्या पाठीत गुद्दा घातला. "पाया पड!"

सोपान पाया पडला. पण उठताना त्याचा चेहरा उतरलेलाच होता.

"आता काय झालं?" आक्कानं दचकून विचारलं.

"आबा," सोपान हळूच म्हणाला, "घरी गेलात की मंजुळालाही एकदा उन्हात उभं करून बघा. तिचा फ्लेक्स मी पहाटेच तुमच्या दारासमोर लावून आलोय."