भांडं कुणी वाजवायचं

“…पण मग येतात कशाला आणि जातात कुठं, आप्पा?”

हेरंबनं हातातला फोन गादीवर जवळजवळ आपटलाच.

आप्पा तिवाटणे सुपारी कातरत होते, आणि सुपारी कातरताना ते कुणाशीच बोलत नसत.

कऱ्हाडच्या पेठेतलं हे भांड्यांचं दुकान हेरंबच्या आजोबांनी काढलेलं. आता मामा चालवायचा. आप्पांनी इथं एक्केचाळीस वर्षं गिऱ्हाइकांना भांडी दाखवली आणि विकलेल्या भांड्यांवर नावं घातली. काम सोडून नऊ वर्षं झाली होती. डोळ्यांत मोतीबिंदू, हाताला कंप. तरी दुपारी तीनला ते यायचेच आणि दाराजवळ खुर्ची टाकून बसायचे. त्यांना कुणी बोलावलेलं नसायचं, आणि येऊ नका म्हणायची कुणाची छाती नव्हती.

हेरंब पुण्याची नोकरी सोडून आला होता. दुकानाची वेबसाइट काढायची, आणि कुणी गूगलवर पितळेची भांडी शोधली की आपलंच नाव वर आलं पाहिजे, असा त्याचा बेत. सहा महिन्यांत भांडी देशभर जातील, असं त्यानं मामाला छातीठोकपणे सांगितलं होतं.

आठ महिने झाले. रोज दोनेकशे माणसं वेबसाइटवर यायची, उंबऱ्यातूनच डोकावायची आणि चालती व्हायची. आठ महिन्यांत चार भांडी खपली. त्यातली दोन हेरंबच्या मित्रांनी भिडेखातर घेतली होती.

मामानं आज सकाळीच निर्वाणीचं सांगितलं होतं, “अक्षय तृतीयेपर्यंत वाट बघतो. नाही जमलं तर ते बंद कर आणि पुण्याची गाडी धर.”

अक्षय तृतीयेला तीन आठवडे उरले होते. हेरंबला पुण्याला जायचं नव्हतं. त्याला याच दुकानात, याच गादीवर म्हातारं व्हायचं होतं. हे त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं, कारण सांगायला गेलं की आपण इंजिनिअर आहोत याची लाज वाटायची.

आप्पांनी सुपारी तोंडात टाकली.

“काय लिहिलंयस ते वाच.”

हेरंबनं फोन उचलला. आवाजात थोडा तोरा आला. “शुद्ध पितळी भांडी. सर्वोत्तम पितळी भांडी. कऱ्हाडची खणखणीत पितळी भांडी, घाऊक दरात. पितळी भांडी आजच मागवा…”

“पितळी भांडी किती वेळा म्हणालास?”

“पूर्ण पानावर अकरा वेळा. मुद्दाम. शोधणारं यंत्र शब्द बघतं, आप्पा.”

“आणि माणूस?”

“माणूस काय?”

“तो काय बघतो?”

हेरंबनं पान पुन्हा वर सरकवून पाहिलं.

आप्पांनी मांडणीवरच्या एका हंड्याकडे बोट केलं. “तो घे. मला वीक बघू.”

हेरंबनं हंडा आणला, आप्पांच्या समोर धरला आणि बोटाच्या पेरानं टण्णकन वाजवला. “ऐका आवाज! असा पत्रा दुसरीकडं मिळणार नाही.”

“ठेव खाली.”

त्यानं ठेवला.

“तुझ्या आजोबांनी मला पहिल्या दिवशी एवढंच शिकवलं होतं. भांडं आपण वाजवायचं नाही. गिऱ्हाइकाच्या हाताला लागेल असं ठेवायचं, आणि आपला हात मागं घ्यायचा.”

“आणि त्यानं नाहीच वाजवलं तर?”

“तर पाणी विचारायचं.”

हेरंबला हसू आलं. पण आप्पांची नजर त्याच्यावर नव्हतीच. ती पांढऱ्या चादरीच्या जुन्या गादीवर होती, जी आता फक्त त्यांनाच दिसत होती. लग्नसराईत त्या गादीवर चार-चार गावच्या बायका एकदम बसायच्या. कुणी परात वाजवायची, कुणी कळशी, कुणी तांब्या कानाशी धरायची. सगळं दुकान दिवसभर वाजत असायचं, आणि त्या गलक्यात आप्पांची छिन्नी टकटक चालू असायची. घरी गेल्यावरही कानांतला नाद जायचा नाही, आणि बायकोनं काही विचारलं तर हे तिला ओरडून उत्तर द्यायचे. ते दिवस आठवले की आप्पांना अजून दुपारी घरात बसवत नसे. म्हणून तर ते यायचे.

“ओंड गावची सगुणाबाई होती,” आप्पा म्हणाले. “तिला घंगाळ पाहिजे होतं. पहिल्या वर्षी आली. म्हणाली, तांब्याचं बरं का पितळेचं? सांगितलं. गेली.”

“काही न घेता?”

“दुसऱ्या वर्षी आली. म्हणाली, ह्याला कल्हई लागती का? म्हटलं, आंघोळीच्या पाण्याला कशाला लागती? गेली. तिसऱ्या वर्षी म्हणाली, पलीकडच्या दुकानात ह्याच्याहून स्वस्त आहे. म्हटलं, आहे खरं. दोन्ही उचलून बघ, मग ठरव. गेली.”

“पलीकडच्या दुकानात?”

“गेली असंल. मी कुठं बघायला गेलो? चौथ्या वर्षी काहीच विचारलं नाही. बसली, पाणी प्याली, गेली. पाचव्या वर्षी लेकीला घेऊन आली आणि घंगाळाला हात न लावता मला त्याच्यावर घालायचं नाव सांगायला लागली.”

“म्हणजे पाच वर्षांनी गिऱ्हाईक झाली.”

“पाच वर्षं गिऱ्हाईकच होती.”

हेरंब हंडा परत मांडणीवर ठेवून आला.

“गूगलला लोक काय विचारतात, ते तुला कळतं का रे?”

“कळतं. यादीच मिळते. त्यातल्या ‘भांडी’, ‘किंमत’, ‘खरेदी’ असलेल्या ओळी मी घेतल्या. बाकीचा पाचोळा बाजूला टाकला.”

“कसला पाचोळा?”

“नुसते प्रश्न हो. असलं विचारणारी माणसं काही विकत घेत नाहीत.”

“वाच.”

“आप्पा, त्यात कामाचं काही…”

“वाच म्हटलं ना.”

आप्पांनी पायानं कोपऱ्यातलं स्टूल ओढून समोर घेतलं. खांद्यावरच्या पंच्यानं त्याच्यावरची धूळ पुसली. मग हात मांडीवर ठेवून, कुणी यायची वाट बघावी तसे बसले.

हेरंबनं कंटाळून पहिली ओळ वाचली. “पितळेच्या पातेल्यात आंबट चालतं का?”

आप्पा रिकाम्या स्टुलाकडं वळले. त्यांचा आवाज बदलला.

“बसा वहिनी. कुठनं आलासा? उन्हाचं आलायसा, आधी पाणी घ्या. हे बघा, आतनं कल्हई शाबूत असली तर आमटी खुशाल करा. उडाली असली तर चिंच नको, ताक नको. आणि झालेली आमटी त्यात ठेवायची न्हाई, लगेच दुसऱ्या भांड्यात काढायची… पुढचं.”

हेरंब फस्सकन हसला. आप्पा हसले नाहीत.

“कल्हई करणारे जवळपास कुठे आहेत?”

“आमच्या दारात बसतोय की एकजण, बाजाराच्या दिवशी. भांडं कुठल्याबी दुकानातलं असू द्या, घेऊन या. कुठनं घेतलं म्हणून कुणी विचारणार न्हाई. तुम्ही लांबचं असला तर तुमच्या गावातल्या जुन्या आचाऱ्याला विचारा. त्याला ठाऊक असतंय… पुढचं.”

आता हेरंब हसत नव्हता. ‘बसा वहिनी’ म्हणायची ही तऱ्हा आजोबांची होती. आजोबांना जाऊन बारा वर्षं झाली होती, आणि एवढ्या वर्षांत दुकानात कुणी कुणाला असं बसवलेलं त्यानं ऐकलं नव्हतं. त्याला एकदम आजोबांची फार आठवण आली. त्यानं फोनवर आप्पांचे शब्द जसेच्या तसे उतरवायला सुरुवात केली.

“लेकीला रुखवतात पितळ द्यावं की स्टील?”

आप्पा स्टुलाकडं किंचित वाकले.

“लेकीला विचारलंसा का? घासायचं तिला आहे. नोकरीला जात असली तर स्टीलच द्या. आठवण म्हणून एक तांब्या द्या पितळेचा, बास झालं.”

“आप्पा! आपण पितळ विकतो!”

“ठाऊक आहे.”

“मग तिला स्टील घ्या म्हणून सांगता?”

“विचारलं तिनं.”

हेरंबनं मान हलवत तेही लिहून घेतलं. मग दूध, मग लोणचं, मग खऱ्या पितळेची पारख. आप्पा एकेकीला बसवत होते, गाव विचारत होते, पाणी देत होते आणि उठून जाऊ देत होते. मध्येच मामा आत डोकावला. रिकाम्या स्टुलाशी बोलणारे आप्पा आणि घाईघाईनं लिहिणारा भाचा बघून तो परत फिरला. उन्हं उतरली तेव्हा हेरंबच्या फोनवर एकोणीस उत्तरं झाली होती, आणि त्यातल्या एकाही उत्तरात ‘आजच मागवा’ नव्हतं. तीन आठवडे, आणि मामाला दाखवायला हे!

“शेवटचं,” तो म्हणाला. “सासूबाईंचं पितळी पातेलं काळं पडलंय. टाकून द्यावं का?”

“टाकू नका!” आप्पा खुर्चीत ताठ झाले. “अहो, टाकताय कसलं? चिंच अन् मीठ लावा, कोमट पाण्यानं घासा. आतनं कल्हई लावून घ्या. नव्यासारखं होतंय. अजून तीस वर्षं त्याला मरण न्हाई.”

हेरंबची बोटं थांबली. त्यानं फोन बाजूला ठेवला.

“हे मी लिहिणार नाही, आप्पा. रागावलात तरी चालेल. तुम्ही बाकी काय सांगितलं ते सगळं ऐकलं. पण हे लिहिलं तर मीच माझ्या हातानं दुकानाचं दार लावल्यासारखं होईल. मामा मला उद्याच पुण्याला पाठवेल, आणि त्याचं बरोबरही असेल.”

त्यानं रिकाम्या स्टुलाकडं हात केला.

“विचार करा ना. ती बाई आज आपलं पान वाचणार. घरी पातेलं घासणार. ते चकचकीत होणार… मग तिला नवं कोण विकणार?”

आप्पांनी पंचा खांद्यावर टाकला.

“रोज तिच्याच हातानं वाजणारं, तिचं जुनं पातेलं.”