पोराच्या उंचीची वाट

ही समोर दिसते ती राईत शिरायची वाट. वाट कसली, झुडपांतलं भोक म्हणाल तुम्ही. पण तुमच्या शाळेची पोरं यातून ताठ चालत जातील आणि तुम्ही सगळे, बाई तुम्हीसुद्धा, कंबरेत वाकून जाल. पोरांना झाडंपाखरं रानातच शिकवायची म्हणून तुम्ही शहरातून हौसेनं राई साफ करायला आलात, चांगलंच केलंत. फक्त ही वाट उंच करू नका आणि कोयते इथे हद्दीच्या धोंड्यापाशी ठेवा. का, ते ऐका.

ही देवीची राई. हिच्यात लोखंड न्यायला पहिल्यापासून बंदी. फार पूर्वी राखणीला तुकू गुरव होता. माणूस सरळ, पण असा कडक की वाळकी काटकी उचलली तरी दंडाचा नारळ ठेवायला लावायचा. त्याच्या धाकानं राईत कोणी फिरकेना. वाटा बुजल्या, करवंदीच्या जाळ्या माजल्या. तुकू आपला खूश, देवीचं रान कसं राखलंय बघा म्हणून! आणि म्हणे तो स्वतः या धोंड्यापलीकडे कधी गेलाच नव्हता.

एका वैशाखात त्याची सहा वर्षांची आवडी करवंदं खायला राईत शिरली ती परत आलीच नाही. ऊन कललं. तिची आई काशी हाका मारून मारून दमली, आतून ओ नाही. गाव कोयते घेऊन धोंड्यापाशी जमला. ज्यांनी तुकूला दंडाचे नारळ दिले होते तेच त्याच्या पोरीसाठी धावून आले होते.

"तू हो म्हण, गुरवा," ते म्हणाले. "अंधार पडायच्या आत रान आडवं करतो."

तुकूला इकडे आड, तिकडे विहीर. नाही म्हणावं तर बाप कसला आणि हो म्हणावं तर गुरव कसला? आत रानडुकरं होती. शेवटी त्यानं देवीला हात जोडले, काय शिक्षा करायची ती मला कर म्हणाला, आणि पहिला कोयता स्वतःच उचलला.

काशीनं त्याचा हात धरला.

"अवो, पोर आत गेली तेव्हा तिच्या हातात कोयता होता का?"

तुकूनं उगारलेला कोयता खाली घेतला.

"मग गेली ना तशीच? वाट असणारच. उभ्यानं कशी दिसेल, खाली बसा."

सगळे खाली बसले. वर जाळीची भिंत, पण खाली पोराच्या उंचीला डुकरा-सशांनी पाडलेली वाट आत चालली होती. तुकू सर्वांत आधी शिरला. काट्यांनी पाठ सोलून निघाली, त्याला त्याचं भान नव्हतं. पार आत, झऱ्याकाठच्या वडाच्या मुळांत आवडी झोपली होती, ओठ करवंदांनी जांभळे झालेले. देवीनंच तिला मांडीवर निजवलं असं सांगतात. खरंखोटं देवी जाणे. पोटभर करवंदं खाल्ली की झोप येतेच म्हणा.

तुकू ओक्साबोक्शी रडला. आवडी डोळे चोळत उठली.

"बाबा, तुम्ही रांगताय कशाला?"

तेव्हा म्हणे तो रडता रडता हसला. तिथेच झऱ्याचं पाणी हातात घेऊन त्यानं संकल्प केला, की माझ्या धाकानं पोरांना राई परकी झाली, आता दर वैशाखात गाव ही वाट मोकळी करील आणि पोरांना आत नेऊन झाडन्झाड ओळखायला शिकवील. ओळखीच्या रानात पोर हरवत नाही.

तेव्हापासून सहा वर्षांचं एक पोर पुढे चालतं. त्याच्या डोक्याला लागेल तेवढी फांदी मागच्यांनी हातानं बाजूला करून वेलीनं बांधायची, वरचीला हात लावायचा नाही. मध्यंतरी गावात पोरंच उरली नाहीत, वाट पुन्हा बुजत आली. जीव तुटायचा बघून. आता तुम्ही आलात, जिवाला बरं वाटलं.

आजही मोठा माणूस या वाटेनं वाकूनच जातो. बघणाऱ्याला वाटतं, देवीला नमस्कार करतोय. वाटू दे. पोर शोधायला निघालेला बाप असाच आत गेला होता, आणि पोर घेऊनच बाहेर आला.