कंस आणि पिशवी

एकदा एका वयोवृद्ध संगणकतज्ज्ञाकडे इरावती आणि सुयश असे दोन शिष्य प्रोग्राम लिहिण्याची विद्या शिकत होते. दोघेही कुशाग्र. एका रक्तपेढीसाठी ते प्रोग्राम तयार करत होते. एकाने लिहिलेला कोड दुसऱ्याने तपासायचा, असा गुरूंचा दंडक होता.

परंतु तपासणी म्हणजे रोजचा कलह.

"कंस खालच्या ओळीवर का नेलास?"

"आणि तू ओळीआधी एवढी जागा का सोडतेस?"

वाद मांडणीवरच संपे. अर्थापर्यंत कुणी पोहोचतच नसे.

एके दिवशी रक्तपेढीतून फोन आला. मुदत संपलेली रक्ताची पिशवी प्रोग्रामने वापरण्यायोग्य दाखवली होती. तिथल्या परिचारिकेने पिशवीवरची तारीख स्वतः वाचली, म्हणून अनर्थ टळला. चूक सुयशच्या कोडमध्ये होती. तो इरावतीने तपासला होता आणि नेमक्या त्याच ओळीपाशी शेरा दिला होता : 'इथे जागा जास्त सोड.'

दोघांच्याही माना खाली गेल्या. गुरू रागावले नाहीत. ते इरावतीला म्हणाले, "संगणकावर फॉरमॅटर इन्स्टॉल कर." फॉरमॅटर म्हणजे कोडचा अर्थ न बदलता त्याची मांडणी एकसारखी करणारे टूल.

इन्स्टॉल झाल्यावर तिने विचारले, "सर, मांडणी कोणती ठेवू? तुमचीच ठेवते."

"नको. टूलबरोबर आली आहे, तीच राहू दे. आणि आधी माझ्या कोडवर चालव."

गुरूंचा कोड म्हणजे रेखीवपणाचा आदर्श. क्षणार्धात त्यांचे सारे वळण मोडले. इरावती कळवळली. "सर, ही मांडणी मला आवडत नाही. सुयशला तर मुळीच नाही. आणि तुमची इतक्या वर्षांची सवय..."

"मलाही आवडत नाही," गुरू शांतपणे म्हणाले. "पण माझी ठेवली असती, तर तुम्ही मान तुकवून मनात कुढला असता. तुझी ठेवली असती, तर सुयश हरला असता. आता कुणीच जिंकलं नाही, म्हणून भांडायला काही उरलं नाही. रेखीवपणा वाईट नव्हे, इरावती. पण कंस कुठे आहे हे पाहताना, त्या ओळीच्या पलीकडे एक रुग्ण आहे, हे आपल्याला दिसलं नाही."

दुसऱ्या दिवशी सुयशचा नवा कोड तिच्यासमोर आला. मांडणीबद्दल बोलण्यासारखे काहीच नव्हते. प्रथम तिला चुकल्याचुकल्यासारखे वाटले. मग ती सावकाश वाचू लागली आणि एका ओळीपाशी थांबली.

"सुयश, ज्या दिवशी मुदत संपते, त्या दिवशी ती पिशवी चालते की नाही?"

सुयश खुर्ची ओढून तिच्याशेजारी बसला. त्याने ती ओळ पुन्हा वाचली.

"मला ठाऊक नाही," तो म्हणाला.

इतक्या महिन्यांत तो हे वाक्य तिच्यासमोर प्रथमच उच्चारत होता. इरावती हसली नाही. "मलाही नाही," ती म्हणाली, आणि दोघे रक्तपेढीत विचारायला निघाले.