हौसाक्काच्या गाडीला ब्लोअर

“आणि किती वारं कोंबणार आहेस तिच्यात?” उस्तादांनी विचारलं.

उत्तमनं मान वर केली नाही. “मावंल तेवढं.”

“मावंल तेवढं ती आपली आपण घेतेच की.”

उत्तमच्या हातातली चिंधी ब्लोअरवरून फिरत राहिली.

हे सगळं गोठ्यात चाललं होतं. उत्तमची आई हौसाक्का गेली, तिच्या मागं गाय विकली, तेव्हापासून गव्हाणीत पाने-पकडी पडलेल्या, आढ्याला साखळीची कप्पी. मधोमध उभी होती ती जुनी पेट्रोल पिकअप. उत्तमच्या बापानं लष्कराच्या लिलावातून आणलेली. पुढं दोघांची बैठक, मागं हौदा, आणि बॉनेट म्हणजे नुसता लोखंडी पेटारा.

बाबालाल उस्ताद एसटीच्या जुन्या सीटवर शाल पांघरून बसले होते. जन्मभर इंजिनं खोलली, त्याची काजळी आता छातीत धरली होती. दोन वाक्यं बोलले की धाप लागायची. गॅरेजला कुलूप लावून बरीच वर्षं झालेली. उत्तम त्यांचाच चेला, आणि चेल्यांत सगळ्यात हुशार. ते त्यालाही ठाऊक होतं, एवढीच अडचण.

“सुपरचार्जर म्हणतात ह्याला,” उत्तम म्हणाला. “इंजिनच्याच पट्ट्यावर फिरतो आणि बाहेरची हवा आत दडपतो. हवा जास्त, पेट्रोल जास्त, जोर जास्त. परदेशी गाडीवरचा आहे. भंगार बाजार पालथा घातला तेव्हा गावला. घरच्या घरी हे काम तालुक्यात कुणी केलेलं नाही.”

“कुणाला गरज पडली नसंल.”

“मला पडली.”

…

कशाची गरज पडली ते गावाला ठाऊक होतं. गेल्या भादव्यात, भर दुपारी, परड्यात शेंगा तोडता तोडता हौसाक्का छातीला हात लावून खाली बसली. मोठा दवाखाना घाट चढून वर. उत्तमनं आईला ह्याच गाडीत पुढं घातलं, आपल्या शेजारी, आणि गाडी दामटली. घाट संपला, सपाटी लागली, तेव्हा शेजारी बघितलं…

दवाखान्यातला एक जण हात धूत धूत बोलून गेला होता, “अर्धा तास आधी आणायचं होतं.”

बोलणारा विसरलाही असेल. उत्तमच्या कानातून ते वाक्य निघालं नव्हतं. जेवताना तो घास हातात घेऊन थांबायचा, तेव्हा त्याच्या बायकोला, शालनला, कळायचं की आत तेच चाललंय.

“हौसाक्का शेवटी काय म्हणाली?” उस्तादांनी विचारलं.

“दुसऱ्या गिअरच्या वर गाडी गेलीच नाही,” उत्तम म्हणाला.

उस्तादांनी त्याच्याकडं बघितलं. मग गाडीकडं बघितलं.

“माझ्याशी बोलायची ना,” ते म्हणाले, “तर तोंडात विडा धरायची आणि एक वाक्य सुरू करायची. विडा संपायचा, वाक्य नाही. मी म्हणायचो, हौसाक्का, माझा चहा निवला. ती म्हणायची, निवू दे की… गरम पिऊन… कुठं जाणार हायेस.”

उत्तम हसला नाही.

शालन चहा घेऊन आली. कप सीटच्या दांड्यावर ठेवला. “उस्ताद, तुम्ही तरी विचारा ह्यास्नी. वर्साचा दिवस तोंडावर आला. भटजींना सांगावा नाही, भावकीला नाही. म्हणतात, आधी गाडी होऊ दे.”

“होईल सगळं,” उत्तम म्हणाला.

“गाडी पळायला लागली की कुणाला घालून न्यायचंय तेवढं सांगा. आत्याबाई काही वाट बघत बसल्या नाहीत.”

“शालन.”

“गेले,” ती म्हणाली, आणि गेली.

उस्तादांचा चहा दांड्यावरच निवला.

“बसव,” उस्ताद म्हणाले. “पण आधी इंजिनचं हेड उतरव. जाड पॅकिंग टाक खाली.”

उत्तमनं चमकून बघितलं. “जाड पॅकिंगानं आतला दाब उतरतो. आहे त्याच्याहून मरतुकडी होईल गाडी.”

“होऊ दे.”

“मी जोर वाढवायला बसलोय उस्ताद, आणि तुम्ही हाय तो काढायला सांगताय?”

“आत ठासून भरलेलं हाय. वरनं आणखी ठासलंस तर फुटंल. आधी आत जागा कर… मग घाल काय घालायचं ते.”

“मला वेळ नाही एवढा.”

“हां,” उस्ताद म्हणाले. “ते दिसतंयच.”

उत्तमनं पाना आपटला. बाहेर जाऊन उभा राहिला. परड्यात शेंगांचा वेल वाळून काठीला तसाच गुंडाळलेला होता, कुणी उपटला नव्हता. तो परत आला आणि हेडचे नट सोडायला बसला.

मग बरेच दिवस तेच. हेड उतरलं, तांब्याचं जाड पॅकिंग कापून बसलं. ब्लोअरला पाय करायला लोखंडी पट्ट्या वाकवल्या, पुन्हा वाकवल्या. पट्टा तिरका पळायला लागला तेव्हा उस्तादांनी एका पुलीवरून दुसरीवर दोरी ताणून धरली, आणि चूक कुठं आहे ते बोट न लावता दाखवलं. 

उत्तम त्या दिवसांत जेवला किती, झोपला किती, ते शालनला विचारावं. दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले. कुणी विचारलं तर सांगायचा, “झालंच आता.” गल्लीतली माणसं म्हणायची, “उत्तम वारं भरून गाडी उडवणार.” तो ऐकून घ्यायचा.

भादव्यातलाच दिवस. सकाळपासून झिमझिम, घाटावर ढग बसलेले, उजेड असा की दिवा लावावा की नको कळू नये. उत्तमनं किल्ली फिरवली.

इंजिन सुरू झालं. आणि त्याच्यावरून ब्लोअरचा आवाज चढत गेला, बारीक, ताणलेला, रडक्या पोरासारखा. गोठ्याचे पत्रे थरथरले. उस्ताद काहीतरी म्हणाले.

“काय?” उत्तम ओरडला.

उस्तादांनी हात हलवला. काही नाही.

“चला,” उत्तम ओरडूनच म्हणाला. “घाटात जाऊन येऊ. तुम्ही बघायला पाहिजे.”

शालन दारात उभी होती. उस्तादांची छाती, वरची हवा, पाऊस… ती काही बोलणार होती, पण उस्ताद काठी टेकत गाडीपाशी गेलेसुद्धा. उत्तमनं दार उघडलं. उस्ताद आत बसले. पाय वर घेतले, शाल डोक्यावरून ओढली आणि दाराला डोकं टेकून अंग सोडून दिलं.

उत्तमचा हात दारावरच थांबला. आई अशीच बसली होती.

“नीट बसा की उस्ताद.”

“मी बराय.”

घाट सुरू झाला. पहिलं वळण, दुसरं. गाडी खरंच चढत होती. जिथं मागच्या वर्षी ती धापा टाकत होती, तिथं आता तिसऱ्या गिअरमध्ये निघाली. ब्लोअर किंचाळत होता. काचेवर धुकं, वायपर एकाच बाजूचा चालणारा. उत्तमच्या जबड्याची हाडं वर आली होती. हा दगड गेला. ही मोरी गेली. आता तो वरचा वाकलेला आंबा… तिथपर्यंत मागच्या वेळी…

त्यानं डोळ्याच्या कोपऱ्यातून बघितलं. उस्तादांचे ओठ हलत होते.

“काय?”

ओठ हलत राहिले. चेहरा त्याच्याकडं वळलेला, डोळे त्याच्यावर.

“ऐकू येत नाही!”

पुन्हा हलले. हळू, एकेका शब्दाला थांबत.

“वर गेल्यावर बोला!” उत्तम ओरडला. “वर गेल्यावर…”

आणि त्याचं तोंड तसंच उघडं राहिलं.

पाय मात्र पेडलवरच होता. वळण आलं, त्यानं घेतलं. पुढचं आलं, तेही घेतलं. आंबा धुक्यातून पुढं आला.

शालीतून एक हात बाहेर आला. किल्लीपाशी गेला आणि किल्ली फिरली.

गाडी दोन हिसके देऊन चढावरच थांबली. उत्तमनं ब्रेक दाबला, हँडब्रेक ओढला, खाली उतरून चाकामागं दगड लावला. हे हातांनी आपलं आपण केलं. तो परत आत येऊन बसला.

ब्लोअर गेला होता. इंजिन गेलं होतं. पानांवरून पाणी ठिबकत होतं. खाली कुठंतरी दरीत एक गाय हंबरली, आणि तेही थांबलं.

“तुम्ही काय म्हणत होता?” उत्तमनं विचारलं.

“मी?”

“ओठ हलत होते तुमचे.”

“नुसतेच हलवत होतो.”

…

उत्तमनं स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरलं. गाडी पळत असल्यासारखं घट्ट धरलं.

“ती बोलत होती,” तो म्हणाला. “चढ लागल्यापासून बोलत होती. माझ्याकडं बघून. एकदा माझी बाही धरली तिनं. मी म्हटलं, आई, वर गेल्यावर बोल. दोनदा म्हटलं. दुसऱ्यांदा… जरा मोठ्यानं म्हटलं.”

उस्ताद त्याच्याकडं बघत राहिले.

“मग?”

“मग तिनं बाही सोडली.”

“काय बोलत होती?”

“ऐकू आलं नाही.”

काचेवरचं धुकं दाट होत गेलं. समोरचा आंबा दिसेनासा झाला. कुठं चढ, कुठं दरी, काही कळेना. उस्तादांना खोकल्याची उबळ आली. ती जाईपर्यंत उत्तम तसाच बसून राहिला. मग बाहीनं तोंड पुसू लागला, आणि आईनं धरलेली तीच बाही बघून त्यानं हात खाली घेतला.



“चला,” तो शेवटी म्हणाला. “तुम्हाला गारठा लागंल. आपण वर तरी जाऊ, नाहीतर घरी तरी.”

त्यानं किल्लीकडं हात नेला.

किल्लीवर उस्तादांचा हात आधीच होता. गार, हाडकुळा, काजळी कधीच न गेलेला.

“बस जरा,” उस्ताद म्हणाले. “हौसाक्का सावकाश बोलायची.”