नवव्या दिवसाचं लाल मांस

"मग यातलं ताजं कोणतं, उस्ताद? सांगा की!"

डॉ. सुबोध भालेरावांनी दोन ट्रे ओट्यावर ठेवले. एकातलं रेड्याचं मांस तपकिरी पडलेलं. दुसऱ्यातलं लालभडक.

उदगीरच्या मांसबाजारात यासीनमियां कुरेशींचा शब्द चाले. सत्तरी उलटलेला खाटीक. शिकत असताना भालेराव मांस पारखायला याच ओट्यापाशी उभे राहिले होते. आता ते जनावरांच्या आहारातले तज्ज्ञ होते, आणि आज उस्तादांना शिकवायच्या तोऱ्यात आले होते.

यासीनमियांनी वाकून दोन्हींचा वास घेतला.

"कोणतंच नाही."

"हे लाल नीट बघा तरी!"

"बघितलं."

"दोन्ही रेडे एकाच दिवशी कापले. नऊ दिवस दोन्ही ट्रे एकाच फ्रिजमध्ये. फरक एवढाच, की या रेड्याला मी चार महिने पेंडीतून व्हिटॅमिन ई दिलं. मांस लवकर काळवंडत नाही, चरबी लवकर खवट होत नाही. उद्या व्यापारी येतायत. तुम्ही नुसती मान डोलवा. सगळा बाजार माझा खुराक घेईल."

"जंतू मरतात त्यानं?"

"...नाही. ते त्याचं कामच नाही."

"म्हणजे वाढतात."

"वाढतात! पण रंग टिकतो, हे खोटं आहे का? दहा वर्षं घातलीत मी यात. तुम्हाला नवं काही पटतच नाही!"

"पटलं की. खुराक चांगला आहे."

भालेराव गडबडले.

"मग मान डोलवायला काय हरकत आहे?"

यासीनमियांनी हात धुतले, पुसले... भिंतीवरची दरांची पाटी काढून उलटी केली आणि खडू भालेरावांपुढे धरला.

"लिही. कधी कापलं ते."

"ते कोण वाचतं? गिऱ्हाईक रंग बघून घेतं."

"म्हणूनच लिही."

"लिहितो! मी काय भितो कुणाला?"

भालेरावांनी खडू रेटून ठळक अक्षरांत लिहिलं: नऊ दिवसांपूर्वी कापलेलं. पाटी लाल मांसाच्या ट्रेला टेकवली, हाताची घडी घातली आणि ताठ उभे राहिले.

तेवढ्यात एक बाई पिशवी घेऊन आल्या. लाल मांसाकडे बघून त्यांचा चेहरा खुलला.

"हे द्या अर्धा किलो. मस्त ताजं दिस..."

नजर पाटीवर गेली. पुढे केलेलं बोट मागे आलं. बाई एकदा भालेरावांकडे बघून पलीकडच्या दुकानात गेल्या.

भालेरावांच्या हाताची घडी सुटली...

यासीनमियांनी ट्रे त्यांच्याकडे सरकवला.

"मांसाचा रंग टिकलाय, डॉक्टर. तुझा का उडाला?"