पणजोबांच्या कोटाचं माप

टक, टक, टक. डोंगराच्या पोटातून येणारा बापाच्या छिन्नीचा आवाज योब्स्टनं लहानपणी ऐकला होता. पुढं त्यानंही चाळीस वर्षं तीच छिन्नी चालवली. आता खाणीतली चांदी संपली होती आणि योब्स्टची पाठ कमानीसारखी वाकली होती.

जर्मनीतलं हार्टेनग्रुंड हे वीस-बावीस घरांचं गाव. तिथला रिवाज असा, की ज्यानं पहिला बोगदा खणला, त्याच्या वंशाची खाणीवरची घरं. आणि आज बोगद्याच्या तोंडाशी जहागीरदारांचा कारकून गावाचा नवा इतिहास वाचून दाखवत होता.

"हा पहिला बोगदा जहागीरदारसाहेबांच्या पणजोबांनी एकट्यानं, स्वतःच्या हातांनी खणला."

"म्हणजे घरं माझी," जहागीरदार म्हणाले. "खोटं वाटतं? मग त्या वेळचा साक्षीदार आणा. नाहीतर उद्या सामान बांधा."

शंभर वर्षांपूर्वीचा साक्षीदार! योब्स्टनं आपल्या घराच्या धुराड्याकडं पाहिलं आणि मान खाली घातली.

"साक्षीदार आहे, सरकार," त्याची मुलगी वेरेना म्हणाली. ती गावची शिंपीण. "पण तुमच्या अंगावरचा हा मखमली कोट कुणाचा?"

"पणजोबांचाच. तीच छाती, तेच पोट. एक टाका उसवावा लागला नाही."

"मग हा बोगदाच साक्षीदार. हा दगड इतका कठीण, की दिवसाला बोटभरच खणून होतो. खाणकरी आपल्या अंगापुरतंच खणतो, फुकटचा दगड कोण फोडील? पणजोबांनी खणला असेल तर तुम्ही आरामात आत जाल. जा, आणि घरं घ्या."

सगळं गाव बघत होतं. जहागीरदार वाकले. डोकं गेलं, खांदे गेले, पोट अडकलं.

"त्या काळी पणजोबा बारीक असतील," आतून आवाज आला.

"इतिहासात तर लिहिलंय, ते न्याहारीला अख्खं डुक्कर खायचे. कारकूनसाहेब, ते खोडायचं का?"

कारकुनानं ओढलं, तर नुसते बूट हातात आले. मग चौघांनी मिळून ओढलं, तेव्हा कोटाची बटणं तुटत जहागीरदार बाहेर आले.

"मग हे माप आहे तरी कुणाचं?" धूळ झटकत जहागीरदार गुरकावले.

"बाबा, जरा आत जाऊन या."

कमरेची छिन्नी हातात घेऊन योब्स्ट उभा होता तसाच आत चालत गेला. आणखी वाकावं लागलं नाही, की पाठ छताला घासली नाही. थोड्या वेळानं आतून ऐकू आलं, टक, टक, टक.

जहागीरदारांनी बोगद्याकडं पाहिलं, मग स्वतःच्या पोटाकडं. आणि असे खदखदून हसले, की कोटाचं उरलेलं बटणही उडालं.

"कारकून, ते पान फाड. घरं यांचीच, तसं लिहून दे. आणि हा कोट शिंपिणीला. एखाद्या पोराला डगला होईल."

"एखाद्या? गावातल्या सगळ्या पोरांना पुरेल, सरकार."

योब्स्ट बाहेर आला.

"म्हातारबा, तुम्हाला काय देऊ?" जहागीरदारांनी विचारलं.

योब्स्टनं हात झटकले आणि तसाच वाकलेला आपल्या घराच्या वाटेला लागला.